उंबरा कुठंय?

बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसून बसून मला नकाशे वाचायची खोड लागली आहे. माणूस कर्ज मागतो पुण्यातल्या घरासाठी. पण नकाशा नीट पाहावा तर त्यात सेलू, मानवत नाहीतर जिंतूर कुठेतरी दडलेलं असतंच. माणूस गाव सोडतो. गाव मात्र वसुली अधिकाऱ्यासारखं पत्ता शोधत येतं.

आमच्या दादाचंच घ्या. दादा म्हणजे थोरला आतेभाऊ. तीस वर्षं पुण्यात काढल्यावर त्याने बंगला बांधायला काढला. आर्किटेक्ट पोरगा हुशार. त्याने बैठक, स्वयंपाकघर सगळं एकात एक मोकळं ठेवलं. आत्याला मुद्दाम सेलूहून आणून नकाशा दाखवला. तिने कागद उलटा धरून विचारलं, "उंबरा कुठंय?"

"आजी, हल्ली उंबरे नसतात."

"नसू देत की लेकरा. पण लक्ष्मी आत आली का बाहेर गेली, कळावं कसं?"

उंबरा आला. पाठोपाठ ढेलज आली, कारण आलेला माणूस एकदम घरात घुसतो म्हणजे काय! मग जिन्याखाली धान्याची खोली. आमच्याकडे धान्य बळदात असे. महापालिकेला बळद कोण समजावणार? नकाशावर 'स्टोअर' लिहिलं आणि तिथं 'परभणी मोती'चं पोतं बसलं. (हे आमच्या कृषी विद्यापीठाचं ज्वारीचं वाण. पुणेकरांनी दागिना समजू नये.)

अडलं ते माळवदापाशी. लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर परभणी भाजत असली तरी आत गारवा, आणि रात्री वर ओळीने अंथरुणं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशी दगडमातीची जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले. त्यानंतर आमच्याकडेही माळवदाखाली कुणाला झोप येईना. आत्याचंही उतरवलं, पत्रे आले. म्हणजे आत्या पुण्यात जे घर मागत होती ते सेलूतही उरलं नव्हतं. दादाने हे तिला एकदाच बोलून दाखवलं. आत्या दोन दिवस व्यवस्थित जेवली, पण बोलली नाही.

आता ती मे महिन्यात गच्चीवर निजते, पाण्याची टाकी आणि सोलर यांच्या मधल्या बोळात. दादा पाठ धरली म्हणून कण्हतो, पण उशी घेऊन जातो.

दादाचा मुलगा मेलबर्नला असतो. त्याच्या शेजारी एक इटालियन म्हातारी. दुसऱ्या महायुद्धानंतर ही मंडळी तिकडे जहाजं भरभरून गेली आणि पैसा जमताच कमानी, खांब, कठडे असलेली घरं बांधून बसली. पुष्कळांकडे स्वयंपाकघरं दोन. आतलं चकचकीत, पाहुण्यांना दाखवायचं. खरी चूल मागे गॅरेजात. हंगामात सगळं गोत जमतं आणि टोमॅटो शिजवून वर्षाची बेगमी बाटल्यांत भरतं. आपल्या कुरडया-पापडांसारखंच. मुलाने हे सगळं फोनवर रंगवून सांगितलं.

आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "शहाणी दिसती बाई. उन्हाळ्यात निजती कुठं, इचार बरं तिला."