वहीतला खोटा शब्द

मासेमारीची वही मी गेली कित्येक वर्षं नेमाने लिहितो. तारीख, जागा, उधाण की भांग, दोरी कितीची, मासा कोणता. मार्च २०१६ मधली एक नोंद अशी आहे: ‘मायाबंदर. जीटी, ११८ सेंमी. दोरी ३० पौंडी. ५२ मिनिटं. सोडला.’

यातला शेवटचा शब्द खोटा आहे. तो मासा मेला, आणि मी तिथेच उभा होतो. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितली नाही. आता सांगायला हवी, कारण त्या खोट्या शब्दामागे एक चुकीचा विचार होता आणि तो मी गरवायला शिकू पाहणाऱ्या कितीतरी मुलांच्या डोक्यात भरवला आहे.

जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली. हवाईत त्याला उलुआ म्हणतात. रुंद कपाळाचा, चांदीसारखा, छातीने दांडगा मासा. जपानच्या तोकारा बेटांजवळ २००६ मध्ये गळाला लागलेला जीटी ७२.८ किलोंचा होता. जागतिक विक्रम तोच. प्रवाळाच्या कडेला लाट फुटते त्या फेसात तो शिकार करतो. म्हणून उष्ण समुद्रातल्या बेटांवर इतका मोठा मासा होडीशिवाय, नुसत्या खडकावर उभं राहूनही लागू शकतो. पण लागला की तो थेट प्रवाळाकडे धाव घेतो. तिथवर पोचला तर दोरी कापली गेलीच म्हणून समजा.

अशा माशाला मी मुद्दाम हलक्या दोरीवर धरायचो. माझा तो धर्मच होता म्हणा. जाड दोरी म्हणजे बळजबरी, बारीक दोरी म्हणजे माशाला दिलेली बरोबरीची संधी, असं मी मानत असे. देवगडला लहानपणी आजोबांबरोबर खडपात गरी घेऊन जायचो. त्यांची तंगूस जाडजूड. मासा लागला की सरळ हातावर ओढून घ्यायचे. मी रेंगाळलो की ओरडायचे, “ओढ बेगीन! त्येका कित्याक खेळवतस?” मासा सुटू नये आणि जेवणाला ताजा मिळावा एवढाच त्यांचा हिशोब. पुढे रॉड-रीळ हातात आलं आणि मला वाटू लागलं, आजोबांना पोट भरायचं होतं. मी खेळ खेळतो, आणि खेळाला नियम हवेत.

त्या नियमांना मोठा इतिहासही होता. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर १८९८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी ट्यूना क्लब स्थापन केला. त्या काळी लोक हातदोऱ्यांनी मोठमोठे मासे उपसून काढत. रॉड आणि हलकी दोरी वापरा, म्हणजे हात आवरेल, हा त्या क्लबचा आग्रह होता. १९३९ मध्ये इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन स्थापन झाली. तिच्या विक्रमांमध्ये आजही दोरी किती वजनाला तुटते त्यानुसार गट असतात. दोरी जितकी बारीक आणि मासा जितका मोठा, तितकं कसब मोठं. मी हे सगळं वाचलं आणि मनापासून पत्करलं. एक साधी गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही: त्या काळी पकडलेला मोठा मासा बहुधा मारलाच जायचा. मारायचाच असेल तर त्याला सुटायची संधी देण्यात न्याय आहे. सोडायचा असेल तर सगळा हिशोब उलटा होतो.

मायाबंदरची ती जागा उत्तर अंदमानच्या किनाऱ्यावर होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने त्या भागातला किनारा वर उचलला गेला आणि पाण्याबाहेर आलेलं प्रवाळ जागच्या जागी मेलं. त्याचं करडं, धारदार पठार पायाखाली असतं. माझ्यासोबत तिथलाच एक करेन मच्छीमार होता. त्याच्या समाजाला इंग्रजांनी १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणून वसवलं. पहाटे साडेपाचला उजाडलं. पाचव्या फेकीला पॉपरवर, म्हणजे पाण्यावर ओढायच्या खोट्या आमिषावर, पाणी उसळलं. नशिबाने मासा प्रवाळाकडे न वळता समोरच्या वाळूच्या खोलगट पट्ट्यात शिरला आणि तिथे मी त्याला ५२ मिनिटं खेळवला. दोरी द्यायची, घ्यायची, पुन्हा द्यायची. शेवटी तो आडवा झाला, तेव्हा माझे हात थरथरत होते आणि मी आनंदाने ओरडत होतो.

लाटेबरोबर त्याला पठारावर ओढून घेतला. कल्ल्यात बोटं घालून उचलला. तीन फोटो. मग डोकं पुढे करून पाण्यात सोडला. तो दोन हात गेला, कुशीवर वळला, आणि पोट वर करून तरंगू लागला. त्याला परत धरून मी प्रवाहाकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिलो. पंचवीस किलोंच्या पुढचं ते शरीर माझ्या हातात मऊ पडत गेलं. पठारावर घासलेल्या कुशीवरचा बुळबुळीत थर निघून गेला होता. तिथे हाताला नुसते खवले लागत होते. कल्ल्यांची उघडझाप आधी संथ झाली, मग थांबली.

सोबत्याने मासा खांद्यावर घेतला; त्याच्या वस्तीवर तो खाल्ला गेला, वाया गेला नाही. वाटेत त्याने विचारलं, “छोड़ना ही था तो इतना थकाया क्यों, भैया?” मी म्हणालो, नशीब. रात्री वहीत ‘सोडला’ लिहिलं.

लगेच माझे डोळे उघडले असं नाही. दोन वर्षांनी त्याच खडकावर साठीचे एक गृहस्थ भेटले. त्यांची दोरी १०० पौंडांची, पुढे बोटभर वाटावा असा नायलॉनचा लीडर, रिळाचा ड्रॅग करकचून आवळलेला. त्यांचं ते अवजड सामान पाहून मी मनात नाक मुरडलं. त्यांना माझ्या माशाएवढाच जीटी लागला. गुडघे वाकवून, रॉड पोटाशी रोवून त्यांनी त्याला प्रवाळाकडे एक हातही जाऊ दिलं नाही. सात मिनिटांत मासा खडकाच्या घळीत, गुडघाभर पाण्यात. हुक काढला, आणि फोटो घ्यायच्या आत तो त्यांना भिजवून निघून गेला.

मग मी वाचायला लागलो, जे आधीच वाचायला हवं होतं. जिवाच्या आकांताने ओढणाऱ्या माशाचे पांढरे स्नायू प्राणवायूशिवाय काम करतात. लॅक्टिक आम्ल साठतं, रक्ताचा तोल बिघडतो. तो परत यायला तास तास जातात, आणि तेवढ्यात शार्क गाठतो. उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. म्हणजे नेमका आपल्या बेटांवरचा मासा जास्त दमतो. वर बारीक दोरी प्रवाळावर तुटली, तर तो तोंडात पॉपर आणि हुक घेऊन फिरतो. मी ज्याला संधी म्हणत होतो, ती माझ्या कौतुकासाठी लांबवलेली त्याची दमछाक होती.

आता मी झेपेल तितकी जाड दोरी वापरतो. पॉपरचे तिकाटी हुक काढून एककाटी लावतो आणि त्यांचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो. पहिली फेक टाकण्याआधी मासा पाण्यातच धरता येईल अशी घळ शोधतो. ती नसेल तर तिथे फेक टाकत नाही, समोर मासे उड्या मारत असले तरी. त्यामुळे चांगल्या जागा सोडाव्या लागतात आणि त्याचं वाईटही वाटतं. एवढं करूनही प्रत्येक मासा वाचतो असा माझा दावा नाही. गळ लावला की इजा होतेच. ती कमीत कमी ठेवणं माझ्या हातात आहे. आणि मासा वाचणार नाही असं दिसलं, तर तो खायचा. तसं वहीत लिहायचं.

ज्या मुलांना मी ‘बारीक दोरीवर धरून दाखव’ असं सांगितलं, त्यांची मी माफी मागतो. माझं सांगणं चुकीचं होतं.

मागच्या आठवड्यात ती वही काढली. २०१६ च्या पानावर ‘सोडला’ खोडून ‘मेला’ लिहिलं. ‘५२ मिनिटं’ तशीच राहू दिली; त्यांच्याखाली एक रेघ मारली.