समुद्र ते धबधबा : आखणीचे दिवस

रविवार, वेंगुर्ला

काल संध्याकाळी परतीच्या पावसाने विजांसकट झोडपून काढलं आणि आज सकाळी बंदरावर लख्ख ऊन. आमच्या बेताचा सगळा पेच एवढ्यातच आहे. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरून ग्रॅव्हल सायकलींनी निघायचं, जमेल तितक्या कच्च्या वाटांनी सावंतवाडी गाठायची आणि घाट चढून आंबोलीच्या धबधब्यापाशी पोचायचं. धबधबा भरून वाहायला पाऊस लागतो. जांभ्याच्या वाटा मात्र वाळलेल्या हव्यात. या धबधब्यामागे मोठी नदी नाही. वरच्या पठारावरचं पावसाचं पाणीच ओढ्यांनी कड्यापर्यंत येतं, त्यामुळे पाऊस उघडला की धार बघता बघता बारीक होते. वर पाणी आहे आणि खाली चिखल नाही, असे दिवस ऑक्टोबरात मोजकेच मिळतात. ते गाठायचे, बाकी सगळं त्यांच्यामागून.

मार्ग हाच का, असं सोबत्यांनी विचारलं होतं. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांनी वखार घातली. तिचे अवशेष अजून उभे आहेत. पुढे इंग्रजांच्या काळात याच बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे जायचा आणि त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून आंबोली वाढली. म्हणजे समुद्रापासून आंबोलीपर्यंतचा चढ ही काही आमची हौशी कल्पना नव्हे. बैलगाड्यांनी तो आमच्या कितीतरी आधी चढून ठेवलाय. जुन्या वाटेने स्वतःच्या पायांच्या जोरावर जाण्यात मला मोठं समाधान वाटतं.

सोमवार, तुळस–होडावडे–तळवडे

दिवसभर वाटा तपासल्या. डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आधी भातखाचरांच्या कडेची पाणंद, मग एकदम उभी घाटी, आणि वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. उतरलं की पुन्हा ओहोळ, पुन्हा खाचर. नकाशावर हा भाग सपाट दिसतो. पायांना तो तसा लागत नाही. एकही चढ लांब नाही, पण एकामागून एक येतात, आणि मुख्य घाट सुरू व्हायच्या आधीच मांड्या भरून येतात. ही सफर अवघड आहे ती या भागामुळे. घाटाचं नाव मोठं असलं तरी त्याचा चढ एकसारखा आहे, त्यात लय सापडते.

एका चिरेखाणीजवळ बराच वेळ थांबलो. जांभा जमिनीत असतो तेव्हा मऊ, कापून उघड्यावर ठेवला की वाऱ्याउन्हाने टणक होतो. चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेले तुकडे चाकांखाली चिरडून वाटेवर लाल भुगा झालाय. त्याखालची कातळाची पाठ कुठे कोरडी खरखरीत, तर कुठे शेवाळाने काळी पडलेली. खरखरीत भागावर टायर घट्ट धरतो. काळ्या भागावर ब्रेक लावायचाच नाही, वेग आधीच कमी करून सायकल सरळ जाऊ द्यायची. हे सगळ्यांना निघण्यापूर्वी दोनदा सांगणार आहे.

खाणीवरच्या एका काकांनी हटकलं, “तुमी खय जातास? पुढे वाट धड नाय.” खरंच होतं, पुढचा साकव वाहून गेलेला. तेवढा तुकडा वगळला आणि डांबरावरून वळसा धरला.

मंगळवार, सावंतवाडी

पाऊस. मोती तलावाकाठी बसून सामानाची यादी केली. टायर 43 मिलिमीटरचे, ट्यूबलेस, हवा 35 पीएसआयच्या आसपास. जड माणसाने थोडी जास्त भरावी. पुढची चकती 40 दातांची असेल तर मागे 42 दातांची हवी, म्हणजे घाटात बसूनच पेडल मारता येईल.

गुरुवार, आंबोली

आज एसटीने वर आलो. खिडकीतून घाट नीट न्याहाळता येतो. दाणोली मागे पडली की चढ सुरू. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर, आणि आमची सुरुवात समुद्रातूनच, म्हणजे एवढी उंची तर कमवायचीच. आदल्या घाट्यांचे चढउतार वेगळे. रस्ता डांबरी, वळणं आंधळी, डोंगराच्या बाजूने जागोजागी माती घसरलेली. धबधबा अजून जोरात आहे! पायऱ्यांवर उभं राहिलं तर तुषारांनी चष्मा भिजतो. माकडं मात्र हातातलं खाणं सोडत नाहीत, तेव्हा खाऊ पिशवीत बंदच ठेवायचा.

एका सोबत्याचा आग्रह होता की वर पोचल्यावर सड्यावरून मोकळ्या सायकली चालवाव्यात. मी नाही म्हटलं आणि त्यावर ठाम आहे. 2009 साली शास्त्राला नवा म्हणून नोंदवलेला आंबोली टोड याच परिसरातला. पावसाळ्याच्या तोंडावर कातळावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो, आणि आज त्याची गणना नामशेष होण्याच्या काठावरच्या प्राण्यांत होते. पावसाळा संपला म्हणून सडा रिकामा होत नाही. दगडांखाली जीव असतात, भेगांमधल्या मूठभर मातीत पुढच्या वर्षीच्या फुलांचं बी असतं. रुंद टायर सगळीकडे चालतो हे खरं; तो सगळीकडे नेलाच पाहिजे असं नाही. गाडीवाटा आहेत, त्यांवरूनच जाऊ. आंबोलीतल्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाला तर पायीच जायचं. तिथल्या कुंडात सापडलेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा चिमुकला मासा 2020 साली जगापुढे आला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली.

शुक्रवार, सावंतवाडी

सोबत्यांशी फोनवर बोलून ठरवलं : शनिवार-रविवार नको, घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. बुधवारी निघू. धक्क्यावरून सकाळी सहाला, म्हणजे ऊन चढायच्या आत तळवडे मागे पडेल. सावंतवाडीत पोटभर जेवण नको, पेज आणि केळी पुरे. घाट दुपारी तीनच्या आत संपवायचा, कारण परतीचा पाऊस बहुधा त्यानंतरच गडगडतो. दाणोलीत पोचल्यावर आंबोलीकडे काळे ढग दिसले तर तिथूनच मागे फिरायचं, धबधबा नंतर कधीतरी. याला सगळ्यांनी होकार दिला, तेव्हाच मी मुक्कामाच्या खोल्या सांगून ठेवल्या.

(पुढील भागात : वेंगुर्ला ते तळवडे)