पावसाच्या दिवसाची शिल्लक

परक्या भाषेच्या व्याकरणाचा उंबरठा ओलांडणे फारसे अवघड नसते. अडखळावयास होते ते घरात शिरल्यावर. घरातली माणसे आपापसांत अर्ध्या शब्दांत बोलत असतात, आणि उरलेला अर्धा शब्द पाहुण्यापाशी नसतो. इंग्रजी वाक्प्रचारांच्या बाबतीत हा अनुभव आम्हांला वारंवार आला आहे; आणि त्यांतही हवापाण्यावर बेतलेल्या वाक्प्रचारांनी आम्हांला जितके चकविले तितके दुसऱ्या कोणी चकविले नसेल.

दोन इंग्रज भेटले की त्यांचे पहिले बोलणे हवेविषयी व्हावयाचे, असे डॉक्टर जॉन्सन यांनी १७५८ साली लिहून ठेवले आहे. इतक्या बोलण्याची साय भाषेवर धरली नसती तरच नवल. प्रकृती जराशी बिघडली की इंग्रज मनुष्य आपण 'अंडर द वेदर', म्हणजे जणू हवेच्या ओझ्याखाली, असल्याचे सांगतो. सुखात सोबत करणारा आणि संकटात पाठ फिरविणारा मित्र तो 'फेअर-वेदर फ्रेंड', म्हणजे स्वच्छ हवेपुरता स्नेही. क्षुल्लक गोष्टीवरून माजलेली खळबळ हे चहाच्या पेल्यातले वादळ. रोमन वक्ता सिसेरो याने पळीत लाटा उठविण्याचा दाखला दिला होता. इंग्रजीत पळीच्या जागी पेला आला, आणि तो पेला आता आमच्या मराठीतही येऊन बसला आहे.

पेला आला खरा; पण सर्वच सामान असे सुखरूप येत नाही. काळ्या ढगालाही रुपेरी कडा असते, ही म्हण घ्या. तिचे मूळ मिल्टनच्या १६३४ साली रंगभूमीवर आलेल्या 'कोमस' या नाट्यकाव्यात सापडते. दुःखातही आशेला जागा असते, हा तिचा अर्थ. परंतु ज्येष्ठ संपत आला असता आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या आमच्याकडील कुणब्यास ही म्हण सांगून पाहा! ढग काळा आहे हीच त्याची आशा. तो रुपेरी दिसू लागला की त्याचे काळीज धसकते.

वस्तुतः पावसाच्या मापाने पाहू गेल्यास लंडन काही फार ओले शहर नव्हे. तेथे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमचा माण तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो, आणि तेथील सरासरी ५०० च्या आसपास आहे. परंतु लंडनचा पाऊस बारा महिन्यांत, शंभराहून अधिक दिवसांवर शिंतोडा शिंतोडा वाटला जातो. जो रोज दाराशी येतो, त्याचे कौतुक कोण करणार? आमचा पाऊस वर्षातून एकदा येणारा, आणि कित्येकदा येतो म्हणून न येणारा. म्हणूनच एकामागून एक संकटे कोसळली की इंग्रज म्हणतो, 'इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स', पाऊस यायचा तो मुसळधारच यायचा. आणि नेमक्या त्याच प्रसंगी आम्ही म्हणतो, दुष्काळात तेरावा महिना. दुःख एकच; एकाचे भिजलेले, दुसऱ्याचे करपलेले. आमच्याकडे वडीलधारा मनुष्य आपला अधिकार सांगतो तोही चार पावसाळे अधिक पाहिल्याचा.

हे सारे आज आम्ही मोठ्या शहाणपणाने लिहीत आहो. परंतु १९७२ साली, माण तालुक्यातील एका शाळेत आठवीच्या बाकावर बसलो असता, यांतले काहीच आम्हांस ठाऊक नव्हते. इंग्रजीच्या मास्तरांनी वडिलांविषयी पाच वाक्ये लिहून आणावयास सांगितली. त्यांतले आमचे एक वाक्य असे होते, की आमचे वडील 'रेनी डे'साठी पैसे साठवितात. मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखविले, शाबासकी दिली, आणि 'रेनी डे' म्हणजे अडचणीचा दिवस, असा त्याचा अर्थ फोडून सांगितला. आम्ही खाली मान घालून बसलो. कारण हा वाक्प्रचार आमच्या कानांवरून कधी गेलाच नव्हता. आम्ही केवळ घरात पाहिलेले लिहिले होते. बाजरीच्या कणगीमागे एक पत्र्याचा डबा असे. त्यात वडील बियाण्याचे पैसे टाकीत, आणि ते निघत ते मृगाचा पाऊस पडला म्हणजे.

त्या वर्षी कणगीत बाजरी नव्हती. वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडीत. घरात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी होई. ती आम्हां भावंडांच्या घशाखाली उतरत नसे. आई म्हणे, "आता तरी डबा फोडा. यापरीस वंगाळ दिस कुठला यायचा हाय?" वडील म्हणत, "त्यो पावसाचा पैका हाय." आईस इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, तरी 'रेनी डे'चा इंग्रजी अर्थ तिला पुरता कळला होता, वडिलांस तो पटत नव्हता. शाबासकीची हकीकत आम्ही संध्याकाळी सांगितली, तेव्हा वडिलांनी अर्थ विचारला. आम्ही तो सांगितला. ते थोडा वेळ ओसाड वावराकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "पावसाचा दिस वंगाळ? मग ह्येला काय म्हनत्यात तिकडं?"

डबा फुटला नाही. आईच्या हातांतले चांदीचे गोठ मात्र सावकाराकडे गेले, आणि ते परत आले नाहीत. १९७३ च्या जूनमध्ये पाऊस झाला. वडिलांनी डबा उघडला. ४२ रुपये निघाले. शेजाऱ्यांपैकी कित्येक जण बियाण्यासाठी दारोदार हिंडत असता आमची पेरणी वेळेवर झाली. त्या सुगीस बाजरीची पहिली भाकरी आईने वडिलांच्या ताटात वाढली, तेव्हा तिचे मोकळे मनगट आमच्या नजरेस पडले. वडिलांच्याही पडले असावे; त्यांनी भाकरी मोडली, पण मान वर केली नाही.

पुढे तीस वर्षे आम्ही इंग्रजी शिकविण्याचाच धंदा केला. 'रेनी डे'चा अर्थ दरवर्षी फळ्यावर लिहिला : अडचणीचा दिवस. परीक्षेत दुसरे काही लिहिणाऱ्याचे गुणही कापले, कारण वाक्प्रचाराचा अर्थ तो बोलणाऱ्यांनी ठरवावयाचा असतो, ऐकणाऱ्याने नव्हे. त्यात आम्हांस कधी शंका वाटली नाही. परंतु घरातल्या त्या वादात आई बरोबर होती की वडील, हे मात्र आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.