रिपोर्ट नॉर्मल आहे

इंजिनीअरिंगला आलं की सगळे एम-थ्रीला घाबरतात. पण २०२४ च्या हिवाळी परीक्षेत तो पेपर खरंच सोपा होता हो! लाप्लासचे दोन्ही प्रश्न मला येत होते. पहिला तास संपायच्या आत पोटातून जी कळ निघाली ती कंबरेतून मांडीपर्यंत उतरली. दीड तासाने पेपर देऊन बाहेर आले आणि व्हरांड्यातच उलटी झाली. कोणीतरी मागून म्हणालं, "अभ्यास नसेल झाला." निकालात एम-थ्री राहिला.

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. आणि विषय पाळीचा आहे. मुलांनी पान उलटलं तरी चालेल, पण वाचलंत तर जास्त बरं. तुम्हालाही बहिणी आहेतच.

मी मुकुटबनची. होस्टेलवर हे गाव कोणालाच ठाऊक नसतं, मग "यवतमाळ जिल्हा, वणीच्या पुढे, आदिलाबादच्या अलीकडे" असा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. आता सिमेंट कारखान्यामुळे थोडं नाव झालंय. आमच्या घरी कापूस. पाळी तेराव्या वर्षी आली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासूनच दोन दिवस बाकावर डोकं टेकून बसायचे. सिस्टर प्रेमाने कपाळावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ऑफर इट टू गॉड, चाइल्ड." घरी आजीचं वेगळं. "बाईच्या जातीले हे चालतेच वं. लगन झालं, एक लेकरू झालं का आपोआप थांबते." दोघींचा अर्थ एकच, सहन कर. लॉकडाऊनमध्ये तर शाळाच नव्हती, त्यामुळे मी महिन्यातून किती दिवस आडवी असते हे कोणी मोजलंच नाही. मीही नाही.

डॉक्टर कमी झाले असं नाही. एकांनी गॅस सांगितला. एकांना अपेंडिक्सची शंका आली, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. पुढच्या वर्षी परत सोनोग्राफी, परत नॉर्मल. त्या शब्दाचा मला इतका राग यायचा! रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मी खोटी, असा सरळ हिशोब व्हायचा. बाबा काही बोलायचे नाहीत, पण सणावाराच्या कामातच हिचं पोट दुखतं, असं काकू एकदा ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या.

मी इलेक्ट्रिकलची आहे. लॅबमध्ये आमच्याकडे एक जुनी मोटर आहे. थंड असताना मीटर लावा, सगळं ओके. लोड टाकून तापली की ट्रिप. सर म्हणतात, मीटर खोटं बोलत नाही, तुम्ही चुकीच्या वेळी चुकीचं मीटर लावलंत. माझं अगदी तेच झालं होतं, फक्त हे कळायला २०२५ चा फेब्रुवारी उजाडला.

एम-थ्री राहिल्यावर बाबांनीच नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी जुनी फाइल बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारले. शौचाला बसताना त्या दिवसांत दुखतं का? पाळी नसतानाही दुखतं का? किती दिवस कॉलेज बुडतं? हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मग एमआरआय. त्याचे पैसे कापसाच्या चुकाऱ्यातून गेले, ते मला अजून टोचतं. डाव्या बीजकोशावर चार सेंटिमीटरची गाठ निघाली. जुनं रक्त साठून ती चॉकलेटच्या रंगाची होते, म्हणून डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. (कॅडबरीची इच्छा काही दिवस मेली होती!)

रोगाचं नाव एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशींची वाढ बाहेर होते, बीजकोशावर, नळ्यांवर, कधी आतड्यावर. दर महिन्याला तीही सुजते, आणि त्या ठिकाणी दाह होतो, चिकटपणा येतो. हे का होतं ते पूर्ण कळलेलं नाही. लग्न न झालेल्या मुलींची सोनोग्राफी बहुधा पोटावरूनच करतात, त्यात बारीक डाग दिसतच नाहीत. म्हणजे नॉर्मलचा अर्थ "दिसलं नाही" एवढाच. पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये तो आग्रह सोडला.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मूल होण्याच्या वयातल्या दहा टक्के बायका-मुलींना हा आजार आहे, आणि निदानाला अनेकदा ४ ते १२ वर्षं लागतात. मला साडेसहा लागली. म्हणजे मी तशी मेरिटमध्येच!

इंग्लंडच्या लेखिका हिलरी मँटेल तरुणपणी दुखतंय दुखतंय म्हणत राहिल्या, तर डॉक्टरांनी त्यांना मनाच्या आजाराची औषधं दिली. शेवटी बोट्स्वानात असताना वैद्यकाचं पुस्तक उघडून त्यांनी स्वतःच रोग ओळखला. त्याही कॉन्व्हेंटच्या, बरं का. आपल्याकडेही मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत या आजारावर काम चालतं, हे मला निदान झाल्यावर समजलं.

पण मला लिहायचं होतं ते आईबद्दल. मॅडमनी विचारलं, घरात कोणाला असा त्रास होता का? आई मान खाली घालून म्हणाली, "मला होता." मी बघतच राहिले. चौतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली, एवढं मला माहीत होतं. का काढली ते नव्हतं. "दुखायचंच थांबत नव्हतं. काढल्यावरही वर्षभर दुखलं. मग सांगायचं कोणाला?" मॅडम म्हणाल्या, असेलही हेच, आता कागद नाहीत तर सांगता येणार नाही. रक्ताच्या नात्यात याचं प्रमाण जास्त असतं. एसटीत वणी येईपर्यंत आई खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "मला ठाऊक असून मी तुला गोळी घे म्हणत राहिले." मला काय बोलावं सुचेना. मी तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली.

सध्या रोज रात्री नऊला डायनोजेस्टची गोळी. रोग मुळापासून घालवणारं औषध नाही, आणि या गोळीनेही सुरुवातीचे तीन महिने थोडं थोडं रक्त जात राहिलं, चिडचिड तर रूममेटला विचारा. पण गाठ लहान झालीय. मार्चपासून एकही प्रॅक्टिकल बुडलं नाही. एम-थ्रीही उन्हाळ्यात निघाला, बावन्न मार्क. आजीला रोगाचं नाव जमत नाही, ती "एंडोमेट्रो" म्हणते आणि नागपूरची मेट्रो काय करते पोटात, असं विचारते. हे सगळं कोणाला सांगू नको, उद्या लग्नाचं पाहावं लागेल, असंही तिनेच बजावलं. आई तेव्हा गप्प होती.

मागच्या रविवारी आईचा फोन आला. शेजारची दहावीतली पोरगी दर महिन्याला दोन दिवस शाळेत जात नाही, तिची आई म्हणते नाटकं करते. "तुझ्या त्या रोगाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठव," आई म्हणाली, "आणि त्या मॅडमनी काय काय विचारलं होतं, तेही लिही."

तेच प्रश्न लिहीत होते, तेवढ्यात संपादक मंडळाची नोटीस लागली. म्हणून हा लेख, आणि खाली माझं पूर्ण नाव छापावं ही विनंती. आजीला अंक दाखवायची जबाबदारी आईने घेतलीय.