शनिवार-रविवारची गोधडी

गोधडी एकटीनंही शिवता येते, पण आमच्या आईला ते मान्य नव्हतं. वाकळ शिवायची तर चारी बाजूंना चार बायका बसल्या पाहिजेत, हा तिचा नेम. त्यामुळे ऐंशीच्या दशकात, इचलकरंजीच्या आमच्या घरी, उन्हाळ्यातले काही शनिवार-रविवार गोधडीसाठी राखलेले असायचे. आईच्या तीन मैत्रिणी यायच्या. एक बँकेत होती. बँका शनिवारी अर्धा दिवस असायच्या, त्यामुळे ती डबा तसाच घेऊन थेट आमच्याकडे. दुसरी प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिसऱ्या म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाच्या काकू. त्या वयानं सगळ्यांत वडील, आणि वाकळीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

पाळी ठरलेली असे. एका खेपेला बँकेतल्या मावशींची गोधडी, पुढच्या खेपेला काकूंची. सरळ वारंगुळाच होता तो. मजुरी कुणी कुणाला दिली नाही, आणि कुणाची पाळी चुकलीही नाही.

इचलकरंजीत कापडाला आणि सुताला तोटा नव्हता. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं सगळं गावच मागांवर उभं राहिलं. आमच्या गल्लीत रात्रभर मागांची खटखट चालायची. तिच्यावाचून झोप येत नसे. घरोघरचं कुणी ना कुणी मागावर, नाहीतर कापडाच्या पेढीवर. कोनावर उरलेलं सूत काकूंच्या घरी असायचंच. ते तीनपदरी करून, पीळ देऊन, मेणावरून ओढलं की गोधडीचा दोरा तयार. बाजारच्या रिळाला तो दम नाही, असं काकू म्हणत, आणि ते खरं होतं. त्या दोऱ्याचे टाके कापड विरलं तरी तुटले नाहीत.

तयारी शुक्रवारपासून. जुनी लुगडी सोड्याच्या पाण्यात उकळून, कडक उन्हात वाळवून ठेवायची. उन्हाळाच का, तर एका दिवसात सगळं खडखडीत वाळतं, आणि पावसाळ्याच्या आत वाकळ अंगावर येते. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा. दोन-दोन शेजारी जोडले की एक वरची बाजू आणि एक खालची. मध्ये घालायला विरलेली धोतरं, परकर, वडिलांचे लेंगे. जाड शिवण, बटणं, नाड्या आधी उसवून काढायच्या, नाहीतर पाठीला टोचतात. कापड कात्रीनं कापत नसत. काठाला बोटभर चीर द्यायची आणि दोघींनी दोन टोकं धरून टरकावायचं. धागा धरून सरळ फाटत जातं ते. तो आवाज मला फार आवडायचा.

शनिवारी दुपारी सोप्यातल्या शहाबादी फरशीवर खालचं अस्तर अंथरलं जाई. एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर खलबत्ता, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आम्ही पोरं. मग थरावर थर. प्रत्येक थर तळहातानं मधून कडेकडे सारत नेऊन सुरकुती काढायची. इथं घाई केली की गोधडीत कायमची गाठ राहते, म्हणून काकू या वेळी कुणाला बोलूही देत नसत. वरची बाजू अंथरल्यावर आडवे-उभे लांब कच्चे टाके. ते पडले की थर हलत नाहीत. तिथं पहिला चहा.

आणि मग खरं काम. चौघी चार बाजूंना बसायच्या, कडेपासून धावदोरा सुरू व्हायचा. कडेची एक फेरी झाली की बोटभर आत दुसरी, मग तिसरी. चौकोनाच्या आत चौकोन घालत चौघी हळूहळू मधल्या जागेकडे सरकायच्या. रविवारी दुपारपर्यंत त्यांची डोकी जवळ आलेली असत आणि बोलणं आपोआप हलक्या आवाजात होई. मला वाटतं, आईच्या नेमाचं कारण हेच असावं. एरवी मोठ्यानं न बोलता येणाऱ्या गोष्टी त्या मधल्या चौकोनावर बोलल्या जायच्या. मागांची मंदी, कुणाच्या तरी घरचं दारूचं दुखणं, लेकीच्या सासरची तऱ्हा. पुढची भिशी कुणाला द्यायची हेही तिथंच ठरे. आम्हा मुलांना कुणी उठवत नसे, कारण सुया ओवायला आमचेच डोळे लागायचे. चार सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, संपल्या की पुन्हा चार. संसार म्हणजे काय, ते मी पुष्कळसं सुया ओवताना ऐकलं.

रेडिओवर सांगली आकाशवाणी चालू असे. मध्येच काकूंना जात्यावरची ओवी आठवे. त्या रेडिओ बंद करायला लावत आणि हात न थांबवता गात. खायला भडंग. जयसिंगपूर जवळच, त्यामुळे ते घरात असायचंच. पण तेलकट हात वाकळीला लागता कामा नये, म्हणून भडंगाचं ताट परसात, आणि परत येताना हात राखेनं धुऊनच यायचं. रात्री पिठलं, भाकरी, खर्डा. त्या रात्री बँकेतल्या मावशी आमच्याकडेच राहत. अर्धवट गोधडीवर कुणी झोपायचं नाही, म्हणून सगळ्या सोपा सोडून गच्चीवर.

एक खेप मला विसरता येत नाही. शिक्षिका मावशी त्यांच्या आईचं लुगडं घेऊन आल्या होत्या. आई जाऊन वर्ष झालेलं. गडद निळं इरकली, लाल टोपपदराचं. चीर दिली, टोक हातात घेतलं, आणि त्यांच्यानं ते ओढवेना. कुणीच काही बोललं नाही. काकूंनी ते हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, “फाडायचं न्हाई हे. आख्खंच घालूया आत.” चौपदरी घडी केली तर एकेरी गोधडीला ते बरोबर पुरलं. वरून-खालून दुसरं साधं कापड, आणि मध्ये ते अख्खं लुगडं. बाहेरून काहीच दिसत नाही. शिवायला मात्र जड गेली ती वाकळ, सुई एका दमात पलीकडं जात नव्हती. दोन सुया मोडल्या. त्या मावशींनी ती गोधडी पुढं कायम स्वतःच पांघरली.

नव्या बाळासाठी दुपटी शिवायची ती वेगळीच मौज. नवं कापड बाळाला घालायचं नाही, जुन्याची ऊब लागते, ही रीत. त्यात शहाणपणही आहे, कारण शंभरदा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ दुसरं काही नाही. दुपट्याला काकू फक्त मलमलीचं धोतर घेत आणि टाके इतके बारीक घालत की बाळाचं नख अडकू नये.

नव्या वाकळीची परीक्षा नवरात्राआधी. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण पंचगंगेवर धुवायला जायचं, आणि नदीकाठ वाकळींनी भरून जायचा. पहिल्या धुण्यात टाके आवळतात, कापडावर बारीक लाटा उठतात आणि वाकळ बसते. त्यानंतरच ती खरी उबदार होते.

पुढं कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, हातात घेऊन पाहिली, तेव्हा त्या सोप्याचीच आठवण आली. त्यांचाही धावदोरा कडेपासून आत जातो. फक्त आमच्यासारखं आधी सगळं अंथरून न घेता त्या तुकडे जोडत जोडत जातात, आणि कोपऱ्यांना घडीचे छोटे त्रिकोण लावतात. फुलं म्हणतात त्यांना. त्यांच्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. गीता खंडेलवालांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर सुंदर पुस्तक केलं आहे. कुणीतरी या कामाकडं कला म्हणून पाहिलं, याचा मला फार आनंद झाला. नाहीतर गोधडी म्हणजे गरिबीची खूण, असंच आपण मानत आलो. गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव फिरले, लोक त्यांना गोधडेबुवाच म्हणत. तरीही आपली समजूत बदलली नाही.

काकू आता नाहीत. आईला सुई दिसत नाही, पण त्या वेळच्या गोधडीवर हात फिरवून कुठली बाजू कुणाची ते ती अजून सांगते. बँकेतल्या मावशींचा टाका लहान आणि सरळ, काकूंचा तिरका आणि आवळ.

दिवाळीची आवराआवर संपली की बोहारीण येईल. सुती साड्या तिला देऊ नका. सिंथेटिक खुशाल द्या, त्यांच्यावर टाका ठरत नाही आणि त्या ऊबही देत नाहीत. सुती चार-पाच साड्या, एखादं धोतर बाजूला ठेवा, उन्हाळ्यात सोड्याच्या पाण्यातून काढा, आणि तीन मैत्रिणींना शनिवारी दुपारी घरी बोलवा. दोरा जाड घ्या. थर अंथरताना घाई करू नका.