एक पीसी, चार लॉगिन

१.
नव्या विंडोजवर जो पहिलं खातं काढतो तो आपोआप ॲडमिनिस्ट्रेटर होतो. पुढची खाती त्याने दिलेली. ओळखीच्या घरांमध्ये हे पहिलं खातं आईच्या नावाचं फार क्वचित दिसतं. पीसीचे पैसे तिच्या पगारातून गेलेले असले तरी.

२.
पासवर्ड आला तो मुळात एक यंत्र वाटून घ्यायचं म्हणून. एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एक संगणक, अनेक टर्मिनलं. यंत्र क्षणभर ह्याचं काम करणार, क्षणभर त्याचं. प्रत्येकाला वाटणार, आपल्याचसाठी बसलंय. पण फायली ज्याच्या त्याच्या वेगळ्या राहायला हव्यात, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड.

१९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. कामाला ते पुरेनात. त्याने पासवर्डची आख्खी फाईलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने बसू लागला.

३.
दहावीतल्या मुलाच्या खात्याला रात्री नऊची मर्यादा लावली आहे. नऊ वाजून पाच मिनिटांनी तो धाकट्या बहिणीच्या खात्यात असतो.

४.
विंडोज ९५ वर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट यायची. एस्केप दाबलं की नाहीशी व्हायची आणि माणूस आत. ती चौकट कुणाला अडवण्यासाठी नव्हतीच. कोणाची मांडणी दाखवायची, नेटवर्कवर कोणाच्या नावाने जायचं, एवढंच ती विचारत होती. त्या काळात पीसी घेतलेल्या घरांत अजून काही जण म्हणतात, ‘घरात कशाला पासवर्ड?’ मला हा प्रश्न तेव्हाच्या सवयीतून आलेला वाटतो.

५.
विंडोज एक्सपी, २५ ऑक्टोबर २००१. निळा पडदा, प्रत्येकाचं नाव, नावाशेजारी छोटं चित्र: बदक, फुलपाखरू, गिटार, बुद्धिबळाची सोंगटी, अंतराळवीर. फुटबॉल कोणाचा यावरून भावंडांत मारामारी झालेली मी पाहिली आहे. आईला चित्र निवडायला सांगितलं तर म्हणाली, काहीही ठेव. मुलाने फूल ठेवलं.

६.
एक्सपीतली खरी नवी गोष्ट चित्रांखाली होती. लॉग ऑफ न करता दुसऱ्याला जागा देता येऊ लागली. आपलं उघडं पत्र, अर्धवट गाणं, सगळं तसंच मागे ठेवून उठायचं. परत आलं की कर्सर त्याच शब्दावर. उठून गेलेल्याच्या नावाखाली लिहून यायचं, इतके प्रोग्राम चालू आहेत. २००३ साली मॅकच्या पँथर आवृत्तीत हेच आलं, तिथे आख्खा पडदा घनाच्या बाजूसारखा वळून दुसऱ्याचा डेस्कटॉप समोर येई.

फुकट काहीच नाही. मागे ठेवलेलं सगळं रॅममध्ये बसून राहतं. तिघं जण ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून उठले की चौथ्याचं यंत्र रांगू लागतं आणि तो म्हणतो, पीसी जुना झाला.

७.
बीएसएनएलचा एक ब्रॉडबँड प्लॅन होता, रात्री दोन ते सकाळी आठ कितीही डाउनलोड करा. दादा दोनचा गजर लावून उठायचा, डाउनलोड लावायचा, युजर बदलून झोपायचा. सकाळी सहाला आई उठून तिच्या खात्यात शाळेचे पेपर टाइप करायची. पडद्यावर फक्त तिची प्रश्नपत्रिका. मागे त्याचा सिनेमा उतरत असायचा. दोघांनाही एकमेकांची अडचण झाल्याचं मी ऐकलं नाही.

८.
याच एक्सपीची एक स्वस्त आवृत्ती मायक्रोसॉफ्टने भारत, थायलंड, इंडोनेशिया अशा देशांसाठी काढली: स्टार्टर एडिशन. आपल्याकडे ती हिंदीत आली. एका वेळी तीनच प्रोग्राम चालणार. आणि अनेक युजरची खाती नाहीत.

म्हणजे ज्या घरांत एका यंत्रापुढे पाच-सहा माणसं बसणार होती, नेमकी तिथेच वेगळी खाती काढून घेतली. ज्यांना परवडत होतं त्यांच्याकडे बहुधा माणशी एक यंत्र यायचंच होतं. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो.

९.
विंडोज ७ स्टार्टर, २००९: झटपट युजर बदलायची सोय नाही, वॉलपेपरही बदलता येत नाही.

१०.
उलट दिशेचा एक प्रयोग. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या मंडळींनी ग्रामीण शाळांत पाहिलं की एका पीसीभोवती मुलांचा घोळका असतो आणि माउस एकाच्याच हातात. त्यांनी २००६ च्या सुमारास एका पडद्याला अनेक माउस जोडले, प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा. डेस्कटॉप एक, हात अनेक.

ब्राझीलमध्ये पाराना राज्याच्या शाळांसाठी तिथल्या विद्यापीठाने तिसरीच वाट काढली. डबा एक, त्याला चार पडदे, चार कीबोर्ड, चार माउस. चौघं एकाच वेळी, आपापल्या खात्यात. लिनक्सवर हे घरीही जमतं. दुसरा पडदा नि कीबोर्ड कोणत्या ‘सीट’चा हे एकदा सांगून ठेवायचं. लोक दुसरा पीसी घेतात, त्याआधी हे करून पाहायला हवं.

११.
सायबर कॅफेंसाठीचे २०११ चे नियम: कॅबिनची आडभिंत जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नको. कोण आलं, कधी बसलं याची नोंद किमान एक वर्ष जपायची.

१२.
घरातल्या पीसीची जागा: हॉल. पडदा दाराकडे तोंड करून. ‘मुलं काय करतात ते दिसायला हवं.’ वेगळं खातं दिलं तरी खांद्यावरून बघणारे बघतातच.

१३.
आजीचं खातं नव्हतं. ती दुपारी बाबांच्या खात्यातून भजनं लावायची. संध्याकाळी बाबांना बातम्यांऐवजी भजनंच सुचवली जायची आणि ते वैतागायचे. शेवटी तिचं वेगळं खातं काढलं. अक्षरं दीडपट, बाण मोठा, कीबोर्ड मराठी. हे सगळं फक्त तिच्याच खात्यात. बाबांच्या पडद्यावरचं एक अक्षरही हललं नाही. पहिल्या दिवशी ती पंचांग सोडून आणखी काय काय वाचता येतं ते शोधत बसली. चष्मा न बदलता.

१४.
लॉगिनचा कीबोर्ड मराठीवर राहिला तर पासवर्ड काही केल्या लागत नाही. काय टाइप होतंय तेही कळत नाही. ठिपके सगळ्या लिप्यांचे सारखेच.

१५.
सोसायटीच्या सेक्रेटरींनी जुन्या श्रीलिपीत नोटीस केली. त्यांच्या खात्यात ती नीट मराठी दिसते. त्याच यंत्रावर सुनेच्या खात्यात उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा. कारण साधं: जुन्या फाँटमध्ये फाईलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, मराठी रूप फाँट देतो, आणि फाँट सेक्रेटरींनी स्वतःपुरता बसवला होता. विंडोज १० मध्ये २०१८ पासून राइट-क्लिकवर दोन पर्याय येतात: नुसतं बसवा, किंवा सर्वांसाठी बसवा. दुसरा निवडायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. युनिकोडमध्ये लिहिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, हे मी त्यांना सांगत असतो.

१६.
लिनक्सवर आईने लावलेला पेनड्राइव्ह. मुलीने युजर बदलला. पेनड्राइव्ह भोकात आहे, दिवा लुकलुकतोय, उघडत मात्र नाही. जो लावतो त्याच्याच नावाने तो जोडला जातो. गाण्याचंही तसंच: स्पीकर समोर बसलेल्याचा. मागे गेलेल्याचं गाणं गप्प.

१७.
प्रिंटरची रांग मात्र सर्वांची. रांग उघडली की कोणी काय छापायला टाकलंय त्याचं नाव दिसतं. एका घरात मुलीने पुण्याच्या नोकरीसाठी अर्ज केल्याचं घरच्यांना असं कळलं. फाईलला तिने सरळ ‘पुणे नोकरी अर्ज’ असं नाव दिलं होतं.

१८.
उबुंटूवर २०२१ पर्यंत नव्या खात्याचं होम फोल्डर इतरांना वाचता येत असे. बदलता येत नसे एवढंच. एका यंत्रावर बसणारी माणसं एकमेकांच्या विश्वासातली असणार, असं गृहीत धरलेलं. २१.०४ या आवृत्तीपासून ते बंद झालं: ७५५ च्या जागी ७५०. एक आकडा बदलायला इतकी वर्षं. विश्वास आहे म्हणून दार उघडं ठेवायचं की नाही, हे ज्याचं दार त्याने ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उघडायचं असेल तर नंतर उघडता येतं.

१९.
विंडोजवर ॲडमिनने दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक केलं की यंत्र सांगतं, तुम्हाला सध्या परवानगी नाही. ‘कंटिन्यू’ दाबलंत तर कायमची मिळेल.

कायमची. आणि जिचं फोल्डर आहे तिला कोणी काही कळवत नाही.

२०.
शेजारच्या वहिनी मुक्त विद्यापीठातून एम.ए. करतात. पूर्वी सगळ्यांचं मिळून एकच खातं होतं. त्यांच्या नोट्स डेस्कटॉपवर, गेमच्या आयकॉनमध्ये. एका रविवारी घरात कोणीतरी ‘साफसफाई’ केली आणि दोन प्रकरणांच्या नोट्स गेल्या. रिसायकल बिनही रिकामा केलेला. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. त्या कोणाच्या आहेत हे कोणाला माहीत नव्हतं, इतकंच.

मी त्यांना वेगळं खातं काढून दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘टाक की, मला काय विचारतेस?’ पण उठून बाजूला झाले नाहीत. मग वहिनीच म्हणाल्या, ‘तुम्ही जरा चहाचं बघता का?’ ते गेले. त्यांनी सावकाश टाइप केलं, दुसऱ्यांदा टाइप केलं, एंटर दाबलं.

आता तिथे डेस्कटॉप अगदी मोकळा आहे. डाव्या कडेला तीन फोल्डर: ‘भाषाशास्त्र’, ‘ग्रामीण साहित्य’, ‘माझं’. तिसऱ्यात काय आहे ते मी विचारलं नाही. लग्नानंतर या घरात आपलं म्हणावं असं पहिलंच काही मिळालं, असं त्या म्हणाल्या. कपाटसुद्धा दोघांत आहे.

२१.
लिनक्सला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. पहिलं खातं १०००, दुसरं १००१, तिसरं १००२. नव्याने सिस्टिम टाकताना, जुन्या फायली तशाच ठेवून, खाती वेगळ्या क्रमाने काढली तर आईच्या फायलींचा मालक मुलगा होतो आणि मुलाच्या फायलींची मालकीण आई. दुरुस्तीला एका ओळीची कमांड पुरते. सिस्टिम टाकण्याआधी क्रम कागदावर लिहून ठेवावा.

२२.
वेगळेपणाइतकीच सामायिक जागाही नीट लागते. युनिक्समध्ये त्यासाठी फोल्डरला एक खूण असते, स्टिकी बिट. त्या फोल्डरमध्ये कोणीही ठेवावं. पुसावं ज्याचं त्यानेच. लग्नाचे, सहलीचे फोटो अशा फोल्डरमध्ये ठेवलेले बरे. साफसफाई करणाऱ्याला स्वतःचेच तेवढे उडवता येतात.

२३.
२०२० चा जून. सकाळी आठ ते अकरा मुलीची शाळा, अकरा ते सात वडिलांचं ऑफिस, मधल्या जेवणाच्या सुट्टीत मुलाची चाचणी. कॅमेऱ्यात मागे भिंत तीच. ज्या घरात खाती वेगळी होती तिथे निदान वडिलांच्या मीटिंगमध्ये मुलीच्या बाईंचे मेसेज टपकले नाहीत.

२४.
नेटफ्लिक्सवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल २०१३ पासून. अँड्रॉइड फोनवर अनेक युजर २०१४ पासून. आयपॅड वाटून वापरायची सोय २०१६ पासून, पण शाळांसाठी. घरात अजून नाही. चौघांच्या घरात आयपॅड एकच असेल तर तो ज्याच्या बोटाने उघडतो त्याचा.

२५.
मुलगी लग्न होऊन गेली. तिचं खातं पुसायला घेतलं तर एक्सपीने विचारलं, फायली ठेवायच्या की पुसायच्या? वडिलांनी तिलाच फोन लावला. ती म्हणाली, ‘बाबा, खातं राहू दे ना, दिवाळीला येईन तेव्हा कशावर बसू?’ राहू दिलं.

२६.
दुसरा ॲडमिन असावा. पहिला ॲडमिन पासवर्ड विसरला किंवा दवाखान्यात असला, तर विजेचं बिल, विम्याची पावती, फोटो सगळं अडकतं. दुसरं ॲडमिन खातं काढायला पाचेक मिनिटं लागतात. ते घरातल्या बाईच्या नावे काढा, असं मी आता प्रत्येक घरात सांगतो. बहुतेक जण हो म्हणतात. काढतात थोडे.

२७.
शटडाउन दाबलं की यंत्र सांगतं: आणखी कोणीतरी हा पीसी वापरत आहे, आता बंद केलात तर त्यांचं न सेव्ह केलेलं काम जाईल. वहिनींचे यजमान आता ही ओळ दिसली की स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतात, ‘अगं, तुझं काही उघडं आहे का?’

‘आहे. राहू दे.’