बुऱ्हाणपूरची भूमिगत वाट

इंदूरहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी मोरटक्क्याला नर्मदा ओलांडतो, अशीरगडाचा डोंगर मागे टाकतो आणि तापीच्या खोऱ्यात उतरतो. बुऱ्हाणपुरात त्याला शाही किल्ला दाखवतात, जामा मशीद दाखवतात आणि 1631 साली मुमताजमहलचे निधन याच नगरात झाले, हेही आवर्जून सांगतात. आम्ही यंदा तेथे गेलो ते मात्र जमिनीवर फारसे काही दिसतच नाही असे एक स्थळ पाहण्यासाठी. त्याचे नाव कुंडी भंडारा. कित्येक त्यास खुनी भंडाराही म्हणतात.

गावाबाहेर उघड्या माळावर गोल कठड्यांची एक रांग दुरवर गेलेली दिसते. प्रत्येक कठडा विहिरीचा वाटावा, पण आत डोकावले म्हणजे खोल तळाशी पाणी साठलेले नसून वाहत असल्याचे ध्यानात येते. अशा शंभरावर कुंड्या एका बोगद्याने परस्परांस जोडलेल्या आहेत. जहांगीर बादशहाच्या काळी, 1615 च्या सुमारास, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या आश्रयाने एका इराणी भूगर्भवेत्त्याने ही योजना आखली. सातपुड्यात मुरलेले पाणी तापीकडे झिरपत जाते. ते वाटेतच भूगर्भात अडवून, बोगद्याला बेताचा उतार देऊन शहरापर्यंत आणले. ना मोट, ना रहाट. औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) मलिक अंबराने बांधविलेली नहर याच जातीची.

कुंड्या इतक्या का, असा प्रश्न सहज पडतो. आधी त्या उभ्या खणावयाच्या, मग तळाशी एकीपासून दुसरीपर्यंत आडवे कोरत जावयाचे, ही रीत. त्यांतूनच माती वर काढली, कारागिरांना हवा मिळाली आणि पुढे गाळ उपसण्याची सोयही झाली.

ते कठडे पाहताना आम्हांस आपल्या शहरांतील रस्त्याकडेला उभे राहणारे आडवे भोक पाडण्याचे यंत्र आठवले. रस्ता न फोडता खालून वाहिनी नेण्याची ही विद्या मार्टिन चेरिंग्टन या अमेरिकी ठेकेदाराने 1971 साली कॅलिफोर्नियातील पाहारो नदीखालून प्रथम नेली. यंत्राचा दांडा तिरपा जमिनीत शिरतो. त्याच्या टोकाचा फाळ एका अंगाने उतरता असतो. दांडा फिरवीत ढकलला तर सरळ जातो, न फिरवता ढकलला तर उतरत्या अंगामुळे वळतो. टोकामागे संदेश देणारे उपकरण असते. वर एक मनुष्य हातात ग्राहकयंत्र घेऊन चालतो आणि खोली व दिशा सांगतो. बेंटोनाइट मातीचा राडा भोक ढासळू देत नाही. पलीकडे टोक निघाले की तेथे रुंदीकरणाचे पाते लावून भोक नळाच्या सुमारे दीडपट रुंद करतात आणि नळ मागे ओढून घेतात. दोन्ही टोकांचे खड्डे बुजले, की वरून कोणास काही कळू नये.

हे यश खरेच, पण धोकाही येथेच आहे. बुऱ्हाणपुरी कारागीर आपल्या कामाच्या खुणा माळावर ठेवून गेले. आजची वाहिनी मात्र केवळ नकाशावर जगते. नकाशा चुकला वा हरवला, तर पुढच्या खोदणाऱ्याचे पाते जुन्या नळावर वा तारेवर बसते. आमच्या वस्तीत असेच एकदा पाण्याची वाहिनी फुटून घरोघर गढूळ पाणी आले. फोडणाऱ्यास ती तेथे असल्याचे ठाऊकच नव्हते. मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने खोदण्यापूर्वी संबंधितांस कळविण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले, ते याच कारणाने.

मार्च 2024 मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला, हे भूषणास्पद आहे. तथापि भोवतालच्या विंधनविहिरी खोल गेल्या तर मूळ पाझरच आटेल. यादी पाणी देत नाही. वाचकांनी बुऱ्हाणपुरास जावे तेव्हा ताजमहालाच्या राणीची कथा अवश्य ऐकावी, पण एखाद्या कठड्याशी घटकाभर थांबून खालचे वाहणे कान देऊन ऐकावे. आणि घरी परतल्यावर आपल्या अंगणाखालून कोणकोणत्या वाहिन्या जातात, हे एका कागदावर लिहून, आकृती काढून, मुलांच्या स्वाधीन करावे.